गोठ्यात साहेब आले तर?

समजा, तुम्ही हॉस्टेलवर आहात. रात्रीचं जेवण झालंय, मेसच्या वरणावरची रोजची चर्चा संपलीय आणि घरून आईचा फोन येतो. इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर ती आवाज बारीक करून म्हणते, "हरणीच्या अंगावर गाठी आल्यात बाळा. दोन दिवस झाले, चाऱ्याला तोंड लावत नाही." मागून अप्पांचा आवाज येतो, "पोरांच्या डोक्याला कशाला ताप देतेस? आणि बाहेर कुणाला बोलू नका. गुरुवारी बाजार आहे."

तुम्ही काय म्हणाल?

खरं सांगा, आपल्यातले बहुतेक जण म्हणतील, "बघा दोन दिवस, होईल बरी." म्हणजेच आपण काहीच सांगणार नाही. अप्पांची भीतीही खोटी नाही. गावात बोभाटा झाला तर दवाखान्यातले साहेब येणार, गोठ्याची पाहणी होणार, शेजारी बोट दाखवणार, बाजार बंद झाला तर पुन्हा आपल्याच नावाने खडे फोडणार. त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, असं कुणालाही वाटेल.

पण हरणीचा आजार हा फक्त तुमच्या घरचा मामला आहे का? कायदा म्हणतो, नाही. साहेबांनी गोठ्यात यायचं की नाही, आल्यावर काय करायचं, काय करायचं नाही, हे सगळं एका कायद्यात लिहून ठेवलंय. गावाकडून शहरात शिकायला आलेल्या प्रत्येकाने तो एकदा तरी समजून घ्यायला हवा. आणि शहरातच वाढलेल्यांनीही, कारण सकाळच्या चहातलं दूध कुठल्या तरी गोठ्यातूनच येतं.

नाव लांबलचक, गोष्ट साधी

कायद्याचं नाव आहे, 'प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगांस प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९'. एका दमात म्हणून दाखवलंत तर तुम्हाला शाबासकी! त्याआधी वेगवेगळ्या राज्यांचे वेगवेगळे कायदे होते. घोड्यांच्या रोगांसाठी तर १८९९चा आणि १९१०चा असे दोन इंग्रजांच्या काळातले कायदे चालूच होते. २००९च्या कायद्याने ते रद्द केले आणि सगळ्या देशासाठी एकच नियम आणला.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांसाठी एक मुद्दा. जनावरांचे रोग रोखणं हा राज्यघटनेच्या राज्यसूचीतला विषय आहे. पण रोग एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाऊ न देणं हा समवर्ती सूचीतला विषय. म्हणून कायदा संसदेने केला आणि राबवायचं काम मुख्यत्वे राज्यांकडे आलं. विषाणूला सीमा कळत नाही, पण राज्यकारभाराला सीमेशिवाय चालत नाही. त्यातून काढलेली ही वाट आहे.

कायद्यातला 'प्राणी' म्हणजे फक्त गाय-बैल नव्हे. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, घोडा, गाढव, उंट, डुक्कर, कुत्रा, मांजर, कोंबड्या, इतकंच काय, मधमाश्याही त्यात आहेत. कायद्याच्या शेवटी रोगांची एक यादी जोडली आहे. त्या यादीतल्या रोगाला म्हणायचं 'अनुसूचित रोग'. काळपुळी, लाळ्या-खुरकूत, सांसर्गिक गर्भपात, बर्ड फ्लू, रेबीज अशी मोठी यादी आहे. हरणीच्या अंगावरच्या गाठी ज्याच्या असू शकतात तो लम्पीही त्यातच आहे.

पहिली कळ तुमच्याच हातात

आपल्याला वाटतं, कायदा म्हणजे साहेबांचे अधिकार. पण या कायद्यात सगळ्यात आधी कर्तव्य येतं आणि तेही जनावराच्या मालकाचं. आपल्या जनावराला यादीतला रोग झालाय असं मानायला कारण असेल, तर मालकाने किंवा जनावर ज्याच्या ताब्यात आहे त्याने गावच्या नेमलेल्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला ते कळवायलाच हवं. तिथून ते जवळच्या पशुवैद्यकाकडे आणि पशुवैद्यकाकडून वरच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडे जातं.

शब्द नीट बघा. 'खात्री असेल तर' नाही, 'मानायला कारण असेल तर'. निदान करणं हे अप्पांचं काम नाही. गाठी दिसल्या, ताप आहे, तोंडातून लाळ गळतेय, एका रात्रीत वीस कोंबड्या मेल्या, एवढं कारण पुरे आहे.

दुसरं कर्तव्य म्हणजे आजारी जनावर वेगळं बांधायचं. त्याला सामाईक गायरानात चरायला सोडायचं नाही, गावच्या हौदावर पाण्याला न्यायचं नाही. आणि बाजारात तर अजिबात न्यायचं नाही. रोगी जनावर माहीत असून बाजारात किंवा जत्रेत आणायला कायद्यात स्वतंत्र मनाई आहे. म्हणजे अप्पांचा गुरुवारचा बेत तिथेच संपला.

जबाबदारी फक्त मालकाचीही नाही. ग्रामपंचायत, नगरपालिका, महसूल, कृषी, दुग्धविकास अशा खात्यांच्या कर्मचाऱ्यांनाही रोगाची खबर ताबडतोब द्यायची आणि पशुवैद्यकांना मदत करायची, असं कायदा बजावतो. "ते आमच्या खात्यात येत नाही" हे उत्तर इथे चालत नाही.

साहेब काय काय करू शकतात?

आता धरू की खबर गेली. तालुक्याच्या दवाखान्यातून पशुधन विकास अधिकारी आले. सोबत पशुधन पर्यवेक्षक आहेत, हातात औषधाची पेटी आहे. त्यांना काय करता येतं?

आत येता येतं. कायद्याच्या सतराव्या कलमानुसार पशुवैद्यकीय अधिकारी किंवा सक्षम अधिकारी कोणत्याही जमिनीत, इमारतीत, जागेत, बोटीत किंवा वाहनात शिरून तपासणी करू शकतात. या कलमात वॉरंटची अट नाही, पण हेतूची अट आहे. या कायद्याचं, त्याखालच्या नियमांचं आणि आदेशांचं पालन होतंय की नाही हे बघण्यासाठीच ते येऊ शकतात. तुमच्या घरातलं कपाट उघडायला नाही.

तपासता येतं. जनावराची तपासणी, रक्ताचे किंवा इतर नमुने घेणं, मेलेलं असेल तर शवविच्छेदन करणं हे त्यांच्या अधिकारात येतं. बर्ड फ्लूसारखा रोग असेल तर नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत जातात. आपल्याकडे पुण्याला औंधमध्येही पशुसंवर्धन विभागाची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे.

आदेश देता येतो. "हे जनावर वेगळं ठेवा, हे औषधोपचार करा" असं पशुवैद्यक लेखी सांगू शकतात. ते मालकाने ऐकलं नाही, किंवा रोगी जनावराचा मालकच पुढे आला नाही, तर जनावर ताब्यात घेऊन वेगळ्या जागी हलवता येतं. मालकाने करायचं काम सरकारी यंत्रणेला करावं लागलं तर त्याचा खर्च मालकाकडून वसूल करता येतो.

आणि सगळ्यात जड अधिकार शेवटी. रोग इतर जनावरांत पसरू नये म्हणून, किंवा तो माणसाला होणारा असेल तर लोकांच्या आरोग्यासाठी, बाधित जनावराला दयामरण देण्याचा आदेश पशुवैद्यकीय अधिकारी देऊ शकतो. इतर कोणत्याही कायद्यात काहीही म्हटलं असलं तरी हा आदेश देता येतो. फक्त तो तोंडी चालत नाही, लेखीच हवा.

हे वाचून अप्पा म्हणतील, "बघा, म्हणूनच मी सांगत होतो!" पण थांबा. लम्पीमध्ये गाई मारून टाकत नाहीत. आजारी जनावर वेगळं ठेवणं, उपचार, गोचीड-माश्यांचा बंदोबस्त आणि निरोगी जनावरांना लस, हाच मार्ग महाराष्ट्राने घेतला. कायद्यात तलवार आहे म्हणजे ती प्रत्येक वेळी म्यानातून निघते असं नाही.

दवंडी पिटायची, तीही कायद्याने

एखाद्या गोठ्यापुरतं न थांबता अख्ख्या भागालाच कुंपण घालायची सोयही कायद्यात आहे. राज्य सरकार एखादा भाग 'नियंत्रित क्षेत्र' म्हणून जाहीर करू शकतं. मग त्या भागात त्या जातीच्या जनावरांना लस सक्तीची. लसीच्या दाखल्याशिवाय जनावराची ने-आण बंद. जनावरांचे बाजार, जत्रा, प्रदर्शनं बंद. रस्त्यावर तपासणी नाके बसवता येतात, तिथे जनावरं अडवून ठेवता येतात. रोगी जनावराच्या अंगाखालचं गवत, उरलेला चारा, कातडं, यातलं काहीही बाहेर नेता येत नाही.

असं क्षेत्र जाहीर करताना फक्त राजपत्रात छापून भागत नाही. स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात द्यायचं आणि गावात मोठ्या आवाजात, ढोल वाजवून सांगायचं, असं कायद्यातच लिहिलंय. २००९ सालच्या कायद्यात दवंडी! हसू येईल, पण त्यामागचा विचार पक्का आहे. ज्या माणसावर बंधन घालायचं त्याला ते त्याच्या भाषेत, त्याच्या कानावर पडलं पाहिजे. "आम्हाला माहीतच नव्हतं" म्हणायची वेळ कुणावर येऊ नये.

२०२२ आठवतंय? तेव्हा तुम्ही शाळेत किंवा ज्युनियर कॉलेजला असाल. लम्पी भारतात पहिल्यांदा २०१९मध्ये ओडिशात दिसला होता. ऑगस्ट २०२२मध्ये महाराष्ट्रात जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात चिनावल इथे त्या वर्षाच्या साथीची पहिली नोंद झाली. रावेरला लागूनच मध्य प्रदेश. बघता बघता रोग जिल्ह्यांमागून जिल्हे ओलांडत गेला आणि सप्टेंबरमध्ये अख्खं राज्यच नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. विसाव्या पशुगणनेप्रमाणे राज्यात गाई-बैल सुमारे १ कोटी ४० लाख. त्या सगळ्यांच्या हालचालीवर एका अधिसूचनेने बंधन आलं.

सांगोला, घोडेगाव, चाकण इथले मोठमोठे जनावरांचे बाजार ओस पडले. न्यायालयीन लढाई जिंकून डिसेंबर २०२१मध्ये नुकत्याच परत आलेल्या बैलगाडा शर्यती पुन्हा थांबल्या. पुढच्या वर्षी रोगाने परत डोकं वर काढलं, तेव्हा २०२३चा पोळाही अनेक गावांत मिरवणुकीविना घरच्या घरीच साजरा झाला.

बाजार बंद याचा अर्थ शहरात बसून कळत नाही. पोरीच्या लग्नासाठी, पोराच्या कॉलेजच्या फीसाठी, विहिरीच्या मोटारीसाठी बैल विकायचा असतो आणि तो विकताच येत नाही. ऊसतोडीला निघालेल्या जोडीला लसीचा दाखला नसेल तर बैलगाडी जागेवरच. बंधन योग्य असलं तरी त्याची किंमत कुणीतरी मोजतच असतं. ती कोण मोजतंय, हे विसरून कायद्याबद्दल बोलू नये.

नवापूर आणि मुरुंबा

दयामरणाचा जड अधिकार खऱ्या अर्थाने वापरला जातो तो कोंबड्यांच्या बाबतीत. फेब्रुवारी २००६मध्ये नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर देशभर गाजलं. भारतात पाळीव कोंबड्यांमध्ये एच५एन१ बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो इथे. कोंबड्या मरत होत्या तेव्हा सुरुवातीला 'मानमोडी आलीय' अशीच चर्चा होती. मानमोडी हा कोंबड्यांचा जुना, ओळखीचा रोग. नमुन्यांनी खरं काय ते सांगितलं तोवर कोंबड्यांची मर बरीच झाली होती. मग लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. नवापूरचा पोल्ट्री धंदा त्यात आडवा झाला.

जानेवारी २०२१मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या अचानक मेल्या. नमुने गेले, बर्ड फ्लू ठरला. देशाच्या कृती आराखड्याप्रमाणे रोगाच्या जागेभोवतीचा १ किलोमीटरचा परिसर बाधित आणि १० किलोमीटरपर्यंतचा परिसर निगराणीखाली. बाधित परिसरातल्या कोंबड्या, अंडी, खाद्य सगळं नष्ट करायचं. ज्याच्या खुराड्यातली एकही कोंबडी शिंकलेली नाही त्याच्याही कोंबड्या यात जातात.

आता इथलं गणित नीट समजून घ्या, कारण सगळ्या कायद्याचं मर्म त्यात आहे. त्या वेळच्या दराने भरपाई होती अंडी देणाऱ्या मोठ्या कोंबडीला ९० रुपये, मांसाच्या मोठ्या कोंबडीला ७० रुपये, अंड्याला ३ रुपये आणि खाद्याला किलोमागे १२ रुपये. पण भरपाई मिळते ती सरकारी पथकाने मारलेल्या कोंबडीची. रोगाने आधीच मेलेल्या कोंबडीची नाही.

म्हणजे समजा तुमच्या शेडमध्ये अंडी देणाऱ्या १००० कोंबड्या आहेत. ५० मेल्यावर तुम्ही कळवलंत तर ९५० कोंबड्यांचे ८५,५०० रुपये हाती येऊ शकतात. लपवत बसलात आणि ८०० मेल्यावर कुणीतरी कळवलं, तर २०० कोंबड्यांचे १८,००० रुपये. तोटा दोन्हीकडे आहेच. पण लवकर बोलणाऱ्याचा तोटा कमी आणि गप्प बसणाऱ्याचा जास्त, असं हे मुद्दाम रचलेलं आहे.

लम्पीमध्ये मदत होती ती रोगाने दगावलेल्या जनावरासाठी. राज्य सरकारने २०२२मध्ये दुभत्या गाईला ३०,००० रुपये, ओढकाम करणाऱ्या बैलाला २५,००० रुपये आणि वासराला १६,००० रुपये जाहीर केले. चांगली संकरित दुभती गाय घ्यायला गेलात तर एवढ्यात येत नाही, हे कुणीही शेतकरी सांगेल. तरी मदत होती हे महत्त्वाचं. आणि ती कुणाला मिळणार? ज्याच्या जनावराची सरकारदरबारी नोंद आहे, ज्याचा पंचनामा झालाय त्याला. रात्री गुपचूप ओढ्याला टाकून दिलेल्या गाईचा पंचनामा होत नाही.

एक हजार रुपयांची भीती

एवढे मोठे अधिकार म्हटल्यावर शिक्षाही मोठी असणार, असं वाटेल. २००९च्या कायद्यात छापलेले आकडे बघा. कायद्यातल्या तरतुदी मोडल्या किंवा अधिकाऱ्याला अडथळा आणला तर पहिल्या वेळी दंड १,००० रुपयांपर्यंत, तो न भरल्यास एक महिन्यापर्यंत कैद. पुन्हा केलं तर २,००० रुपये किंवा दोन महिन्यांपर्यंत कैद. रोगी जनावर किंवा त्याचं मढं नदी-तलावात टाकलं तर पहिल्या वेळी दंड २,००० रुपये.

आता अप्पांच्या जागी उभे राहा. एकीकडे हजार रुपयांचा दंड, दुसरीकडे पन्नास-साठ हजारांची गाय. गुरुवारी बाजारात नेली आणि कुणाच्या गळ्यात मारली, तर? दंडाच्या भीतीने इथे कुणी थांबेल असं वाटत नाही.

म्हणूनच हा कायदा चालतो तो धाकावर नाही, विश्वासावर. साहेबांना गोठ्यात शिरायचा अधिकार आहे, पण कुठल्या गोठ्यात शिरायचं हे त्यांना कोण सांगणार? लाखो गोठे आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढे डॉक्टर. एकेका पशुधन विकास अधिकाऱ्याकडे कितीतरी गावं असतात. गावातून फोन गेला नाही तर त्या अधिकाराला डोळेच नाहीत.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका. २००१मध्ये ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकुताची साथ आली. तिथे निरीक्षक आणि पशुवैद्यक यांचे अधिकार आपल्यापेक्षा जुने, यंत्रणा श्रीमंत, भरपाई भरघोस. तरी ६० लाखांहून अधिक जनावरं मारावी लागली, गावोगावच्या वाटा फिरायला बंद झाल्या आणि देशाची सार्वत्रिक निवडणूक महिनाभर पुढे गेली. ही साथ जिथून पसरली असं चौकशीत दिसून आलं, त्या उत्तर इंग्लंडमधल्या डुकरांच्या फार्मच्या चालकाला पुढे न्यायालयाने रोगाची माहिती न कळवल्याबद्दल दोषी ठरवलं. एका शेडमधलं मौन केवढ्याला पडलं ते बघा.

उलट उदाहरणही आपल्याच देशात आहे. आजोबांना 'बुळकांडी' विचारा. गावंच्या गावं जनावरांविना रिकामी करणारा हा रोग. वर्षानुवर्षं लसीकरण, गावोगाव शोधमोहीम, तपासणी नाके आणि प्रत्येक संशयित जनावराची खबर, यातून भारत २००६मध्ये त्यातून मुक्त ठरला आणि २०११मध्ये सारं जग. माणसाच्या देवीनंतर जगातून पूर्ण नाहीसा झालेला हा दुसरा रोग. आज आपल्यापैकी कुणीही बुळकांडी पाहिलेली नाही, ते उगाच नाही.

मग अधिकाऱ्यांना काही प्रश्न विचारायचे की नाही?

जरूर विचारायचे. कर्तव्य आपलं आहे म्हणजे हक्क नाहीत असं नाही. साहेब आले तर ओळखपत्र बघायला हरकत नाही. वेगळं ठेवायचा किंवा दयामरणाचा आदेश असेल तर तो लेखी मागा, त्याची प्रत जपून ठेवा. कुठला रोग, कुठल्या जनावराचा, कानातल्या बिल्ल्याचा नंबर काय, नमुना कधी घेतला, हे नोंदवून घ्या. पंचनामा वाचूनच सही करा. अप्पांना वाचायला चष्मा सापडत नसेल तर व्हिडिओ कॉलवर तुम्ही वाचून दाखवा. शिकलेल्या पोरांचा घराला एवढा तरी उपयोग हवा!

कानातल्या बिल्ल्याचं मनावर घ्या. जनावराच्या कानातला बारा आकडी नंबर म्हणजे त्याचं आधार कार्ड. त्यावर लस कधी दिली, मालक कोण, सगळं नोंदलेलं असतं. १ जून २०२४पासून राज्यात बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री करायला बंदी आहे. घरी गेलात की प्रत्येक जनावराच्या कानाचा आणि लसीच्या दाखल्याचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे.

अफवांपासूनही घराला वाचवा. लम्पी माणसाला होत नाही. तो पसरतो मुख्यतः डास, माश्या आणि गोचिडांमुळे. दूध उकळून प्यायचं, ते एरवीही प्यायचंच असतं. कोंबडी नीट शिजवली की बर्ड फ्लूचा विषाणू टिकत नाही. पण काळपुळीने मेलेलं जनावर कापायचं नाही, उघडायचं नाही. तो रोग माणसाला होतो आणि जीव घेऊ शकतो.

बारावी विज्ञान झालेल्या एखाद्या धाकट्या भावंडाला हे सगळं वाचून हुरूप आला, तर पशुवैद्यकीय पदवीचा मार्ग आहे. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम, नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली नागपूर, मुंबई, परभणी, उदगीर, शिरवळ इथे महाविद्यालयं. पुढे लोकसेवा आयोगामार्फत पशुधन विकास अधिकारी होता येतं. म्हणजे गोठ्याच्या दारात उभं राहून कडी वाजवणारे साहेब किंवा मॅडम उद्या तुम्हीही असू शकता. तेव्हा दार उघडणाऱ्या माणसाच्या मनात काय चाललंय, हे तुम्हाला आधीच माहीत असेल.

परत फोन लावा

तर, आईचा फोन ठेवून दहा मिनिटं झालीत. आता परत लावा. अप्पांनाच फोन द्यायला सांगा. वाद घालू नका, कायद्याची कलमंही ऐकवू नका. चारच गोष्टी सांगा. हरणीला बाकीच्या गुरांपासून लांब, दुसऱ्या कोपऱ्यात बांधा. तिची पाण्याची बादली वेगळी ठेवा. सकाळी उठल्या उठल्या दवाखान्यात कळवा, नाहीतर १९६२ या टोल फ्री नंबरला फोन करा. आणि गुरुवारी बाजाराला जाऊ नका.

अप्पा चिडतील. म्हणतील, "गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही." त्यांना एवढंच सांगा, की आपल्या गोठ्याच्या भिंतीला लागूनच काकांचा गोठा आहे. त्यांच्या दोन गाई आहेत, एक गाभण आहे. गोमाशी भिंत ओलांडायला कुणाची परवानगी घेत नाही. आज आपण बोललो तर काकांच्या गाईंना वेळेत लस मिळेल. नाही बोललो, तर त्या दोन गाईंचं काय झालं ते दिवाळीला घरी गेल्यावर त्यांच्याच अंगणात उभं राहून ऐकावं लागेल.

अप्पा थोडा वेळ गप्प राहतील. मग बहुधा विचारतील, "तो नंबर काय म्हणालास तू? एक-नऊ-सहा किती?"